चौथ्या फेरीतला मुलगा

माझ्या नवऱ्याला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं ते इंग्लंडात, वॉटफर्डला आल्यावर. ऑफिसातल्या कुणीतरी जास्तीचं तिकीट दिलं म्हणून वेम्बलीला मॅच बघायला गेला आणि परत आला तो एका टीमचा हिरवा मफलर गळ्यात घालून. ती टीम त्या दिवशी हरली होती. नंतरही ती बहुतेक हरतच आली. मी एकदा म्हटलं, "बदल की टीम." तो म्हणाला, "टीम बदलत नसतात." बायकोबद्दल तो इतक्या ठामपणे कधी बोललेला नाही.

या खेळात एप्रिलच्या शेवटी एक सोहळा असतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. कॉलेजात खेळणारी पोरं एका बाजूला, सगळ्या टीम दुसऱ्या बाजूला. टीमनी आळीपाळीने एकेक पोरगा उचलायचा. अशा सात फेऱ्या होतात. मॅच नाही, बॉल नाही, नुसती नावं पुकारतात, आणि आमच्याकडे ते रजा टाकून बघितलं जातं. त्यानंतरच्या रविवारी मँचेस्टरहून नवऱ्याचा मित्र येतो. तो मूळचा नागपूरचा, मँचेस्टरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे आणि माझ्या माहितीत या टीमचा दुसरा मराठी चाहता कुणी नाही. दोघं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून निवडलेल्या प्रत्येक पोराला ग्रेड देतात. ए, बी, सी, पार एफपर्यंत. मी त्या दिवशी सहसा ईलिंगला मैत्रिणीकडे जाते.

त्या वर्षी मात्र सासूबाई आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. पुण्यात मुलींच्या नव्हे, मुलांच्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या, हे मुद्दाम सांगते, कारण त्यांचा आवाज त्या पोरांमुळे तयार झाला आहे. बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून वर्तमानपत्र लाल पेन हातात घेऊन वाचतात.

त्या थालीपिठं लावत होत्या. टेबलावरून "याला बी मायनस", "छे, सी" असं ऐकू आलं तशा उलथनं घेऊनच बाहेर आल्या.

"काय तपासताय रे?"

नवऱ्याने समजावून सांगितलं. सगळ्यात कमकुवत टीमला पहिला नंबर मिळतो, हे त्यांना फार आवडलं. "हे बरं आहे. मागच्या बाकावरच्यांना आधी विचारायचं." मग त्यांनी विचारलं, "आणि ही मुलं खेळली कधी?"

"अजून नाही खेळली. सीझन सप्टेंबरमध्ये सुरू होतो."

"परीक्षा झाली नाही आणि निकाल लावताय?"

"काकू, थांबा न," मित्र म्हणाला. "हे आपलं अंदाजानं असतं. मोठमोठे एक्सपर्ट देतात."

"एक्सपर्ट गाढव असले म्हणून तुम्हीही व्हायचं का?"

तेवढ्यात आमची मुलगी टोस्ट न्यायला खाली आली. तिची ए लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा तोंडावर होती. ती म्हणाली, "आजी, माझी टीचरने पण ग्रेड्स आधीच दिलेत. प्रेडिक्टेड. त्याच्यावरच युनिव्हर्सिटी ऑफर देते."

सासूबाई खुर्चीत बसल्या. थालीपीठ करपल्याचा वास आला तरी उठल्या नाहीत. "या देशात परीक्षेआधीच निकाल लागतो," असं त्यांनी नंतर पुण्याला फोन करून सगळ्यांना सांगितलं.

पण बसल्या त्या बसल्याच. नवऱ्याने एकेका पोराची चित्रफीत दाखवायला सुरुवात केली. घरात सगळे जमलेत, फोन वाजतो, टीमचा माणूस सांगतो की तुला निवडलं, मग आरडाओरडा, रडारड. चौथ्या फेरीत आमच्या टीमने एक किकर घेतला होता. म्हणजे बाकीचे एकमेकांवर आदळत असताना हा बाजूला उभा असतो आणि बोलावलं की येऊन बॉलला लाथ मारून जातो.

"एफ," नवरा म्हणाला. "सरळ एफ. आपल्या बचावाच्या भिंतीला भगदाड पडलंय, तिथे माणूस हवा होता. घरात पीठ नाही आणि हे लोणच्याची बरणी घेऊन आले!"

मित्रानेही मान हलवली. पण सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. त्या पोराने फोन कानाला लावला होता आणि "येस सर, थँक यू सर" म्हणत होता. बाजूला त्याची आजी व्हीलचेअरमध्ये बसली होती. तिला गोंधळात काही कळत नव्हतं. त्याने फोन तिच्या कानाला लावला आणि टीमच्या त्या बड्या माणसाला सांगितलं, "सर, माझ्या आजीला सांगा ना."

"हा मुलगा चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्याचा इथे काय संबंध?"

"वळण आहे त्याला. एफ खोड."

नवऱ्याने खोडला नाही. सासूबाईंनी त्या क्षणापासून त्या मुलाला दत्तक घेतलं.

मे, जून, जुलै आमच्या घरात त्याचीच चौकशी. "आज सराव होता का त्याचा?" "बॉल कुठवर गेला?" मुलीने आजीच्या टॅबलेटवर सगळं लावून दिलं होतं, म्हणून पुढेपुढे सासूबाईच नवऱ्याला बातम्या द्यायला लागल्या. कौन्सिलच्या लायब्ररीत वेळ घालवायला गेल्या तर तिथल्या बाईंनाही त्यांनी तो दाखवून आणला. ऑगस्टच्या मध्यावर मुलीचा निकाल लागला. एका विषयात प्रेडिक्टेडपेक्षा कमी, पण हवी ती सीट मिळाली. त्या आनंदात आम्ही होतो आणि तिकडे सराव सामन्यांत त्या पोराचे नेम चुकत होते. ऑगस्ट संपता संपता टीम जास्तीची मुलं काढून टाकतात. त्यात त्याला काढलं.

बातमी नवऱ्याच्या फोनवर आली. मला वाटलं होतं तो "मी म्हटलं नव्हतं?" म्हणत नाचेल. तो स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "तू सांगतेस का आईला?"

"मी का सांगू? टीम तुझी."

सासूबाई डाळिंब्या सोलत होत्या. त्याने सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"काढला म्हणजे?"

"म्हणजे... नाही ठेवला. तशी पद्धतच आहे, आई."

"एप्रिलमध्ये घेतला आणि ऑगस्टमध्ये काढला? घटक चाचणी तरी झाली का? कोण आहे तिथे मुख्याध्यापक?"

"कोच असतो. आणि त्याने किक चुकवल्या, आई. मी आधीच एफ दिला होता."

"पहिल्याच सत्रात कुणी मूल शाळेतून काढतं का? थोडं सांभाळून घ्यायला नको?"

यावर माझा नवरा, वयाच्या पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, हाताखाली बारा माणसं असलेला माणूस, एकदम ओरडला, "मला घेतलंस सांभाळून? आठवीत मराठीत चौतीस दिलेस मला! चौतीस! एक मार्क नाही वाढवलास! अख्ख्या वर्गासमोर मुख्याध्यापिकेचा मुलगा नापास!"

ही गोष्ट मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हती. मी गॅस बंद केला.

सासूबाईंनी एक डाळिंबी सोलली, वाटीत टाकली. "एकोणतीस होते."

"काय?"

"एकोणतीस पडले होते तुला. चौतीस मी केले."

"मग पस्तीस करायला काय झालं होतं?"

"पस्तीस केले असते तर तू नववीत पुस्तक उघडलं नसतंस. उघडलंस की नाही?"

नवरा डाळिंब्यांची वाटी ओढून सोलायला बसला. मग सासूबाई म्हणाल्या, "निबंध बरा होता पण तुझा. व्याकरणात गेलास."

"कशावर होता?"

"आता कुठलं आठवतंय?" असं म्हणून त्या उठल्या, पण त्यांना आठवत असावं असं मला वाटलं.

दोनच दिवसांत त्या पोराला दुसऱ्या टीमने घेतलं. ती टीम म्हणजे नवऱ्याच्या टीमची सख्खी वैरी. पिवळे शर्ट घालणारी. नवरा तिचं नावही घरात घेत नाही. सासूबाईंनी मला बाजूला बोलावून विचारलं, "तो पिवळा शर्ट कुठे मिळतो गं?" मी ऑनलाइन मागवला. सगळ्यात लहान मापाचा आला तरी त्यांच्या गुडघ्यापर्यंत पोचला. त्या दिवशी नवऱ्याने मला भाजी वाढ म्हणूनही सांगितलं नाही, स्वतः उठून घेतली.

आणि ऑक्टोबरात, सासूबाई परत जायच्या आधीच्या रविवारी, याच दोन टीम वेम्बलीला समोरासमोर आल्या. नवऱ्याने तिकिटं फार आधी काढून ठेवली होती, अर्थात हिरव्यांच्या बाजूची. मित्र मँचेस्टरहून आला. मेट्रोपॉलिटन लाईनच्या अख्ख्या डब्यात हिरवे शर्ट आणि मध्ये पंजाबी ड्रेस, त्यावर स्वेटर, त्यावर पिवळा शर्ट अशा सासूबाई. लोक अदबीने जागा देत होते. स्टेडियमच्या दारात पारदर्शक पिशवीच चालते, तिच्यात शेंगदाण्याचे लाडू लख्ख दिसत होते. तपासणाऱ्या उंच पोराने विचारलं, "व्हॉट्स धिस, लव्ह?" सासूबाईंनी त्याला एक खायला लावला. पिशवी आत गेली.

खेळ मला कळला नाही. मला दिसत होता तो कडेला एकटाच पाय झटकत उभा असलेला पोरगा. तो आला की आमच्या भोवतीचे हजारो लोक "बू" करायचे आणि आमच्या मधोमध एक बाई उभी राहून टाळ्या वाजवायची. पुढच्या रांगेत तोंड हिरवं रंगवलेला एक धिप्पाड माणूस वळून बघायचा. तिसऱ्यांदा वळला तेव्हा त्यालाही लाडू मिळाला. त्यानंतर त्याने बू करणं सोडलं.

शेवटी अगदी थोडा वेळ उरला होता आणि पिवळे दोन गुणांनी मागे. किक दोन खांबांमधून गेली तर तीन गुण, म्हणजे ते जिंकणार. पोरगा मैदानात आला. लांबून मारायची होती. सासूबाईंनी माझा हात धरला. पलीकडे नवरा दोन्ही हात डोक्यावर घेऊन उभा. बॉल उडाला, उंच गेला, खांबाला लागला, ठण्ण आवाज झाल्यासारखं वाटलं आणि बाहेर पडला.

स्टेडियम फुटलं. मित्र खुर्चीवर चढून नागपुरीत काहीतरी ओरडला. नवऱ्याने हात वर केले, इकडे बघितलं, त्याची आई खाली बसलेली दिसली. त्याचे हात हळूहळू खाली आले. तो तिच्या शेजारी बसला.

"वारा होता," सासूबाई म्हणाल्या.

"आई, वारा नव्हता."

"तू गप्प बस. वारा होता."

भोवती गाणी चालली होती. नवऱ्याने त्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाला, "थोडा होता."

सासूबाई पुण्याला गेल्या. तो पोरगा तो सीझन कसाबसा खेळला, पुढच्या वर्षी त्याला पिवळ्यांनीही काढलं आणि मग कुणीच घेतलं नाही. बऱ्याच दिवसांनी मुलीने कुठेतरी वाचलं की तो त्याच्या गावी शाळेत लागलाय, गणित शिकवतो आणि संध्याकाळी मुलांना खेळवतो. आता हे कसं सांगायचं म्हणून नवऱ्याने रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आधी हवा, पाणी, गुडघे सगळं विचारून घेतलं आणि मग चाचरत सांगितलं.

पलीकडे सासूबाईंचा चेहरा उजळला. "शाळेत लागला? पर्मनंट आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि नवऱ्याला माहीत नव्हतं म्हणून त्याला दोन शब्द ऐकवले.