बॉनेटखालचं आदण

आमच्या घरी पाहुणे जमले, जेवणं उरकली, की कुणीतरी म्हणतंच, "ती गाडीची गोष्ट सांगा की." मी सांगतो, सगळे हसतात, मीही हसतो. बायको मधेमधे माझ्या चुका दुरुस्त करते, कारण गोष्टीत मी दरवर्षी थोडा शहाणा होत चाललोय असं तिचं निरीक्षण आहे. ज्या माणसाचा अख्खा हंगाम त्या गाडीनं बुडवला, तो माणूस या गोष्टीला कधी हसला नाही. तेवढं सांगायचं मात्र माझ्याकडून राहतं. आज लिहायलाच बसलोय, तर ते आधी लिहून टाकलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिवाजी पेठेत आम्ही तिघं दोस्त. रोज सकाळी दुधाच्या कट्ट्यावर भेटायचो. रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या, गवळी समोरच धार काढणार आणि फेसासकट ग्लास हातात देणार. ग्लास संपेपर्यंत ज्याच्या त्याच्या बातम्या. एक होता मिस्त्री, त्याचं गॅरेज. आदल्या दिवशी कुणाचं इंजिन खोललं आणि आत काय काय निघालं, हे तो एखाद्या डॉक्टरसारखं गंभीर तोंडानं सांगायचा. दुसरा गुळव्या. गुऱ्हाळावर मोठ्या काहिलीत उसाचा रस उकळतो. एका खेपेच्या त्या रसाला आदण म्हणतात. आदणाचा गूळ कधी झाला, काहील चुलवाणावरून कधी उतरायची, हे एकटा गुळव्या ठरवतो. त्यानं हात वर करेपर्यंत मालकसुद्धा गप्प उभा असतो. काम फक्त दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. बाकीचं वर्ष त्याच कमाईवर काढायचं. गडी मूळचा मुरगूडकडचा, पण पोरगीला शहरातली शाळा मिळावी म्हणून पेठेत खोली घेऊन राहिलेला. पोरगी आमच्याच शाळेत होती, सहावीला. मी त्या शाळेत क्लार्क.

माझ्या बातम्या म्हणजे प्रवासवर्णन. मी जुनी गाडी घेतली होती. किती जुनी? तर कागदावर माझ्याआधी तीन नावं होती. तिच्यातून आंबोलीचा घाट कसा चढलो, जोतिबाच्या वळणावर कुणाला कसं मागं टाकलं, हे मी रोज नव्यानं सांगायचो.

मिस्त्री म्हणायचा, "ह्याच्या गाडीपेक्षा ह्याचं तोंड जास्त पळतंय."

"तोंडाला पेट्रोल लागत न्हाय न्हवं," गुळव्या म्हणायचा.

आमच्यात प्रेम होतं ते एवढंच. पण होतं.

त्या पावसाळ्यात गाडीची पेट्रोलची टाकी गळायला लागली. मिस्त्रीनं साबण आणि गूळ एकत्र मळला आणि भोकावर थापला. "पेट्रोलात गूळ इरघळत न्हाय. नवी टाकी मिळंपतोर चालंल," म्हणाला. चालला की! मी थक्क झालो. त्याच्या वाक्यातलं 'पेट्रोलात' एवढं सोडून बाकी सगळं माझ्या पक्कं लक्षात राहिलं.

दिवाळी झाली. गुळव्याला त्या साली मुरगूडच्या अलीकडं नवं गुऱ्हाळ मिळालं होतं. जुन्या मालकाचं आणि त्याचं वाजलं होतं, त्यामुळं हे एकच काम हातात. गुऱ्हाळावरचा रिवाज असा, की मुहूर्ताचं पहिलं आदण ज्याच्या हातानं उतरलं, त्या चुलवाणाचा हंगाम त्याचा. मधेच गुळव्या बदलत नाहीत. बदलला तर गूळ धरत नाही म्हणतात. मालकानं सकाळी नऊची वेळ दिली होती.

"सहाच्या यष्टीनं जातो," गुळव्या कट्ट्यावर म्हणाला.

"यष्टीनं?" मी म्हणालो. कट्ट्यावर चार-दोन माणसं होती, आणि माणसं असली की माझी जीभ सैल होते. "नव्या मालकाच्या दारात गुळव्या गाडीतनं उतराय पायजे. मी सोडतो."

मिस्त्रीनं ग्लास खाली ठेवला. "तुझा रेडिएटर ठिबकतोय. आधी गाडी माझ्याकडं टाक. कागलच्या पुढं न्हेऊ नको."

"बघतो की."

"बघू नगंस, टाक."

मला वाटलं, हा माझ्या मोठेपणावर पाणी ओततोय. आदल्या संध्याकाळी गाडीखाली बघितलं तर खरंच थेंब. मी स्वयंपाकघरातून गूळ उचलला. बायकोनं विचारलं, "गाडीला नैवेद्य?" मी म्हणालो, "तुला यंत्रातलं कळत न्हाय." साबण-गुळाचा गोळा रेडिएटरला बाहेरून थापला. काम पक्कं व्हावं म्हणून मूठभर गूळ झाकण उघडून आतही घातला. घरी गोष्ट सांगताना मी 'चिमूटभर' म्हणतो. बायको लगेच मूठ वर करून दाखवते.

सकाळी गुळव्या नवा सदरा, पांढरी टोपी घालून, पिशवीत नारळ घेऊन खाली उतरला. त्याची बायको गॅलरीतून बघत होती. पोरगीनं हात हलवला. मी दोनदा हॉर्न वाजवला, एकदा त्यांच्यासाठी आणि एकदा पेठेसाठी.

कागल ओलांडेपर्यंत मीच बोलत होतो. मग गुळव्यानं नाक वर केलं.

"पाक लागलाय कुठंतरी."

"हंगाम हाय. आजूबाजूला गुऱ्हाळं पेटली असतील."

"गुऱ्हाळाचा वास तू मला सांगतोस व्हय? ह्यो करपलाय. आणि आपल्यासंगट येतोय. थांबव."

बॉनेट उघडलं. वाफेच्या आत तपकिरी फेस उसळत होता आणि खाली इंजिनावर काळे ओघळ आले होते. गुळव्यानं एक ओघळ बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, बोटं लांब केली. मधे तार आली. सवयच ती त्याची. मग तो माझ्याकडं वळला.

"किती घातलास?"

"मूठभर."

"आत?"

"आत बी, बाहीर बी."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पिशवी उचलली आणि रस्त्यानं चालायला लागला. मागनं मी. बऱ्याच वेळानं उसाचा एक ट्रॅक्टर थांबला. आम्ही ट्रॉलीच्या कडेला लोंबकळत गेलो, आणि त्याच्या नव्या सदऱ्यावर उसाच्या पाल्याचे ओरखडे उठत गेले. तेवढ्या वेळात तो एकच वाक्य बोलला. "सहाची यष्टी ह्याच रस्त्यानं गेली असंल."

पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पहिलं आदण उतरलं होतं. शेजारच्या गावचा एक गुळव्या निवायला वाफ्यात ओतलेला गूळ घोटत होता. आम्हाला बघून त्यानं मान खाली घातली, पण हात थांबवला नाही.

मालक पुढं आला. "गुळवं, चुलवाण पेटल्यावर रस वाट बघत न्हाय. नऊपतोर थांबलो, साडेनऊपतोर थांबलो. आता हंगाम त्येंचा."

"गाडी बंद पडली, मालक."

"मला गाडी न्हाय, गुळव्या पायजे हुता." मग माझ्याकडं, "आणि पावणं, तुमी कोण?"

इथं खरं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. काहिलीभोवती दहा-बारा माणसं उभी होती, सगळ्यांची नजर माझ्यावर. मी म्हणालो, "माझी चूक न्हाय, मिस्त्रीनं गूळ लावाय सांगितलंतं."

घरच्या गोष्टीत हे वाक्य मी सांगत नाही. बायकोलाही ते कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

गुळव्यानं ते ऐकलं. पिशवीतला नारळ काढून चुलवाणाजवळ ठेवला, हात जोडले आणि सडकेकडं निघाला. परत येताना यष्टीत तो पुढच्या सीटवर बसला. मी मागं बसायला गेलो, तर म्हणाला, "आणि मागं बस." मी आणखी मागं बसलो.

मिस्त्रीपर्यंत माझं वाक्य माझ्याआधी पोचलं. दोन दिवसांनी मी त्या गाडीसाठी गॅरेजमध्ये गेलो, तर तो दुसऱ्या गाडीखाली आडवा होता. खालूनच बोलला.

"कोण हाय?"

"मी."

"गाडी कुठाय?"

"कागलच्या पुढं."

"मीच सांगितलंतं न्हवं, गूळ घाल म्हणून? मग आता ज्याचं ऐकतोस त्याच्याकडं जा. हितनं पाय काढ."

"मर्दा, एका चुकीसाठी..."

"एका न्हाय. दोन. पहिली गाडीची हुती, ती मी धुऊन दिली असती." पाना फरशीवर आदळला. मी निघालो. दुसऱ्या एका मिस्त्रीनं रेडिएटर बदलला. त्यानं जुना सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायला दारात टांगून ठेवला. मुंग्या लागल्या होत्या.

गुळव्याला त्या वर्षी दुसरं गुऱ्हाळ मिळालं नाही. मुहूर्त सगळीकडचे होऊन गेले होते. तो कबनूरला मेव्हण्याच्या यंत्रमागावर कामाला बसला. ज्यानं आयुष्यभर रसाचा रंग बघितला, तो तुटलेले धागे बघायला लागला. सुट्टीच्या दिवशी पेठेत यायचा, कट्ट्यावर यायचा, आणि मिस्त्रीला बातम्या सांगायचा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा असायचो.

"मिस्त्री, तितं माग असा वाजतोय की बोललेलं ऐकूच येत न्हाय. काही माणसांना न्हेऊन ठिवाय पायजे."

"न्हे की. त्येला प्रवासाची आवड हाय."

मी कट्टा सोडला नाही. का, ते मलाही माहीत नाही. हट्ट म्हणा, लाज म्हणा. ग्लास संपेपर्यंत उभा राहायचो. गाडीचं काय झालं, कुठं जाऊन आलो, हे कुणी विचारायचं नाही. एकदा मी म्हशीकडं बघून म्हणालो, "काल राधानगरीला गेलतो." गवळी म्हणाला, "मालक, धार काढतोय. तिला बोलू नका, दूध चोरंल."

एका रविवारी गुळव्याच्या खोलीवर गेलो. वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य होतं. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

"भाऊजी, आत येऊ नगा. आत्ता डोळा लागलाय त्येंचा."

"नुसतं सांगायचं हुतं..."

"आमास्नी न्हाय, जिथं खोटं बोलला तितं जाऊन सांगा," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं, आत नवरा झोपला होता.

ती मला गुऱ्हाळावर धाडत होती. मी गेलो नाही. गाडी दुरुस्त झाली होती, रस्ता माहीत होता, तरी गेलो नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी माझ्या खिडकीपुढं रांग होती, दाखले नेणाऱ्यांची. रांगेत गुळव्या उभा होता. नंबर आला तसा त्यानं अर्ज आत सरकवला. कबनूरलाच राहायला जायचं ठरलं होतं, पेठेतली खोली सोडली होती. पोरगीचं नाव जनरल रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात होतं. त्याच अक्षरात मी दाखला लिहायला घेतला. जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक. वर्तणूक चांगली. मग 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना आला. तिथं आम्ही सगळ्यांसाठी एकच लिहायचो, तेच लिहिलं: पालकांच्या विनंतीवरून. आत जाऊन मुख्याध्यापकांची सही घेतली, शिक्का मारला, खिडकीतून दिला.

त्यानं उभ्या उभ्या सगळा वाचला. मग सात महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलला.

"विनंती? मी कुणाला इनंती केलती?"

"तसंच लिवत्यात सगळ्यांना."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ दे. माझ्या पोरीच्या कागदावर खोटं नगं. दुसरा लिव्ह."

रांगेतली माणसं पुढं वाकून बघायला लागली. मी नवा कोरा दाखला काढला. पुन्हा नाव, पुन्हा तारीख. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वडिलांचे काम गेल्यामुळे. पुन्हा सही, पुन्हा शिक्का. त्यानं पुन्हा वाचला आणि बोट त्या ओळीवर ठेवलं.

"कुणामुळं गेलं, त्येला रकाना न्हाय व्हय?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यानं दाखला दोन घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि मागच्याला म्हणाला, "या पुढं."