बंद स्टेशन सांजेला लागतं तेव्हा

"साहेब, तुमचं स्टेशन तर चालू आहे," असा दरेकसा गावच्या फागूभाऊंचा फोन आला, तेव्हा आमचं छोटं मीडियम वेव्ह रेडिओ स्टेशन कायमचं बंद झालेलं होतं. ट्रान्समीटर, म्हणजे कार्यक्रम हवेत सोडणारं यंत्र, मीच बंद केला होता. खोलीला कुलूप. किल्ल्या दोन: एक माझ्याकडे, एक चौकीदार सुखदेवकडे.

बॉसना कळवलं. ते म्हणाले, चौकीदारच चोरून गाणी वाजवतोय, त्याला काढून टाका. सुखदेवचं घर त्या पगारावर चालत होतं. पण तो रोज सांजेला आत जातो, हे मलाही कळलं होतं. माझंही डोकं फिरलं.

आधी फागूभाऊंच्या किराणा दुकानात गेलो. पोरं रेडिओचं बटण फिरवतात म्हणून त्यांनी आमच्या स्टेशनवर काटा आणून बटणाला चिकटपट्टी लावलेली. वर्षानुवर्षं तशीच.

"दिवसा खरखर, सांजेला गाणे," ते म्हणाले. "या जागी तुमचंच लागते. दुसरं कायले लागन?"

मी रेडिओ उसना घेतला आणि न सांगता स्टेशनवर पोचलो. सूर्य मावळला होता. सुखदेव आत टॉर्च घेऊन उभा. रंगेहाथ सापडला, असंच मला वाटलं.

ट्रान्समीटरला हात लावला. थंडगार. मीटरचे काटे शून्यावर. आणि माझ्या हातात रेडिओ गात होता. आमचं स्टेशन चालू असतं तर टॉवरच्या पायथ्याशी आवाज कान फाडणारा हवा. हा तर बारीक, मधेच बुडणारा. गाणं संपलं, निवेदिकेनं भलत्याच दूरच्या शहराचं नाव घेतलं.

मग उलगडलं. मीडियम वेव्हच्या लहरी अंधार पडला की आभाळातल्या एका थरावर आपटून लांबवर उतरतात. ते स्टेशन आमच्याच फ्रीक्वेन्सीवर होतं. इतकी वर्षं आमच्या आवाजाखाली दबलेलं.

"तू रोज इथं काऊन येतोस?" मी विचारलं.

सुखदेवनं टॉर्च विझवली. "माझ्या घरच्या रेडिओवरही गाणे येऊन राहिले ना. म्हणून पाहाले येतो, कोण चालू करते त. दुसरी किल्ली तुमच्यापाशी आहे. मले त तुमच्यावरच शक होता, साहेब."

मला राग आला आणि लगेच लाजही वाटली. बॉसना खरं काय ते कळवलं, आणि सुखदेवची नोकरी टिकली. माझ्यापुरता धडा एवढाच: एका किल्लीवर संशय घेताना दुसरी कुणाच्या खिशात आहे, तेही आठवावं.