ड्रेसिंगवाल्या मावशी

आईच्या पायाला जखम झाली होती, तेव्हा आम्ही दोन महिने एक दिवसाआड मुलुंडच्या एका छोट्या हॉस्पिटलात जायचो. तिथे ड्रेसिंग करणाऱ्या बाईंना सगळे नुसतं मावशी म्हणत.

"काकी, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती घालता?" त्या विचारायच्या. आई रंगात येऊन सांगू लागायची, तोवर चिकटलेली पट्टी निघालेली असायची.

दहावीनंतर त्या इथे आया म्हणून लागल्या आणि एका जुन्या सिस्टरांच्या शेजारी उभं राहून सगळं शिकल्या. नर्सिंगचा कोर्स करायचा राहून गेला, आता वयाची मर्यादा उलटली.

एकदा नर्सिंग कॉलेजातून शिकाऊ मुलगी आली. आईची चिकटलेली पट्टी ती घाईघाईने ओढायला लागली. मावशींनी मध्ये हात घातला नाही. "सावकाश गं. आधी भिजव, आपोआप सुटेल," असं सांगत तिच्याकडूनच ड्रेसिंग पुरं करून घेतलं.

मग हळूच विचारलं, "कॉलेजात पहिल्या दिवशी काय शिकवतात गं?"

"हात धुवायला."

"मलापण तेच शिकवलेलं," मावशी हसल्या. त्या मुलीच्या छातीवरचा तिरका झालेला नावाचा बिल्ला त्यांनी सरळ केला, आणि बोटं तिथून लगेच काढली नाहीत.