पुढून उचललेला ट्रक

निमगाव केतकीच्या रस्त्यावरचा तो अपघात मी अजून विसरलेलो नाही. नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रमुख होतो. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. भर दुपारी उसाने भरलेला एक ट्रक एकाएकी डावीकडे गेला आणि कडेने चाललेल्या बैलांच्या टायरगाडीवर आदळला. गाडीवान ऊसतोड कामगार होता, त्याचा पाय चिरडला. त्याला बारामतीच्या दवाखान्यात हलवलं, ड्रायव्हरला जमावाच्या तावडीतून सोडवून ठाण्यात आणलं आणि गुन्हा नोंदवला.

ड्रायव्हर शेळगावचा, पंचविशीतला. ट्रक त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. लोक म्हणत होते, दारू प्यायला होता. वैद्यकीय तपासणीत काही निघालं नाही. मी विचारायच्या आत तोच म्हणाला, "साहेब, डुलकी लागली. चूक माजीच हाय."

मला तिथेच खटकलं. सायकलला दिवा नाही म्हणून धरलेला माणूससुद्धा आधी दोन थापा मारून बघतो. हा गडी कबुली तयार ठेवूनच बसला होता. नुकताच फडातून गाडी काढलेल्या माणसाला भर उन्हात, खड्ड्यांच्या रस्त्यावर डुलकी लागते, हे माझ्या गळी उतरेना. पण मोटार वाहन निरीक्षकांनी ट्रक तपासला तेव्हा ब्रेक लागत होते, स्टिअरिंग फिरत होतं. यांत्रिक दोष नाही, असा शेरा मिळाला. वरून कबुली. पोराचं लायसन्स जाणार आणि तो आत जाणार, हे दिसतच होतं. बापाचा जन्म मेंढरांमागे गेला होता आणि घराण्यातलं ते पहिलं लायसन्स होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बहीण भेटायला आली. ती नुसती गजांपाशी उभी राहिली. जाताना माझ्या टेबलाजवळ थांबली आणि खाली बघतच म्हणाली, "साहेब, त्याला डुलकी न्हाय लागली. गाडी पुढनं उचललीया. तितं बगा." मी आणखी काही विचारायच्या आत ती पायऱ्या उतरून गेली.

मग ट्रक कुणी उचलून दिला याचा माग काढत मी बारामतीच्या एका पाटेवाल्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या बसवणाऱ्या, मिस्त्रीला गाठलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. फडातल्या चिखलात ट्रकचं नाक टेकतं म्हणून मालकाने पुढच्या पाट्यांखाली जाड पॅकिंग घालून ट्रक उचलून घेतला होता. "गाडी उचलली की तिची समदी तपासणी नव्यानं करावी लागती, साहेब," मिस्त्री म्हणाला. "लाइटी आभाळाकडं बगत्यात, त्या खाली घ्याव्या लागत्यात. चाकाची ओढ बगावी लागती. पाटे अॅक्सलला धरून ठिवणारे बोल्ट तर वझं वाहून झालं की पुन्यांदा आवळायलाच लागत्यात, कारण पॅकिंग दबतं. मी बजावलं हुतं, मुरमाच्या खेपा झाल्या की आणा. कोण आलंच न्हाय."

मी निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. त्यांनी मान-अपमान काढला नाही. या वेळी त्यांनी सुतळी मागवली आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर मोजलं. डावी बाजू चार बोटं कमी भरली. ढिल्या बोल्टांमुळे ब्रेक लागताच डाव्या बाजूचा अॅक्सल मागे सरकला होता आणि ट्रक तिकडे ओढला गेला होता. आता मात्र बोल्ट घट्ट होते आणि नटांवर पान्याचे ताजे ओरखडे होते.

मालकाला बोलावून घेतलं. माणूस चाळिशीचा, गावात वजन असलेला, बोलायला गोड. मी दोन शब्द बोललो आणि सुतळी त्याच्यापुढे ठेवली.

"नट आवळले कधी?" मी विचारलं.

"ट्रॅक्टर लावून गाडी बाजूला वढली तवा. साखळी सोडवायला म्हणून खाली गेलो हुतो."

"आणि आधी का नाही आवळले?"

"साहेब, हंगामाची पूजा झाली हुती. आमच्या घरात रीत हाय, पूजा झालेल्या गाडीला पयली खेप कारखान्यात उतरंपातुर पाना लावायचा न्हाय. ह्यो म्हनला हुता, दाजी, पुढनं कडकड वाजतंय. मी म्हनलं, एवढी खेप उतरू दे."

मी ड्रायव्हरला बाहेर आणलं. दाजींना बघून तो पुन्हा डुलकीचं सुरू करणार, तोच मालक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं. म्या सांगितलं." पोराला रडू फुटलं. "माज्यामुळं ताईच्या संसाराचा इस्कोट नको हुता, साहेब," एवढंच तो म्हणाला. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. दवाखान्यात एक माणूस पाय गमावून पडला होता आणि इथे दोघे घरातलं घरात मिटवत होते.

मालकाला अटक झाली. ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला आणि तो साक्षीदार झाला. सुटल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "दाजींना जामीन मी ऱ्हाऊ का?" साक्षीदाराने आरोपीला जामीन राहायचं नसतं, असं मी सांगितलं. "मग आबांला आणतो," म्हणून तो शेळगावच्या गाडीला पळाला. सासऱ्याच्या सहीने जावई सुटला.

जामिनाचे कागद होईपर्यंत बहीण ठाण्याच्या ओट्यावर बसून होती. मी बाहेर आलो तशी उठली.

"साहेब, ह्येंनी इचारलं, पोलिसांला कुणी सांगितलं म्हणून. माजं नाव कागदात हाय का?"

"कुठेही नाही. सुतळीचं माप आहे आणि मिस्त्रीचा जबाब आहे."

तिने मान हलवली, पदर सारखा केला आणि नवऱ्यामागोमाग चालू लागली. खबर देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवावं, हे मी प्रशिक्षणात पाठ केलं होतं. ते कशासाठी, हे त्या दिवशी कळलं. आम्ही केस संपवून घरी जातो. खरं सांगणाऱ्या बाईला मात्र त्याच माणसाच्या घरी जाऊन रात्रीच्या भाकरी थापायच्या असतात.