माऊसखालची वाकळ

तीन वर्षांपूर्वी मी तरुण होते, म्हणजे सहासष्टची, आणि त्या वयाला शोभेल इतकी खुळीही. मुलाने पुण्याला परत जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर पडवीतल्या टेबलावर मांडून दिला. घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी धाकटी जाऊ. चुली वेगळ्या, पडवी सामाईक. दर रविवारी सकाळी माझी नात पुण्याहून पडद्यावर यायची, ठिपके मांडून द्यायची, आणि आम्ही आळीपाळीने माऊसने रांगोळी काढायची. तिला आवडेल ती रांगोळी मग आठवडाभर तिच्या पडद्यावर राहायची. नात माझी, माझ्या रक्ताची. आणि सलग पाच रविवार तिने ठेवली कुणाची, तर धाकट्या आजीची.

आमच्या वाडीत रांगोळीला मीच. ही जाऊ घरात आली तेव्हाच कामं वाटली गेली होती. दारातली रांगोळी मोठीची, खळं सारवायचं धाकटीने. चाळीस वर्षं शेणाचा हात फिरवलेली बाई माझ्यापुढे जाते म्हणजे दोष माझ्यात असणं शक्यच नव्हतं. दोष टेबलाचा होता. टेबलावर काच, काचेखाली घरातल्या सगळ्यांचे फोटो, आणि काचेवर माऊस नीट चालत नाही हे पोराने जातानाच सांगितलं होतं. काहीतरी खाली घ्या म्हणाला.

मी माझ्या लग्नातला सावंतवाडीचा पाट काढला, लाखेच्या रंगाचा, अजून आरशासारखा. त्यावर पडद्यावरचा बाण बेडकासारखा उड्या मारू लागला. नॅपकिन पसरला तर तो माऊसबरोबरच चालायला लागला. सूप उलटं घातलं, तेव्हा जाऊ आतून म्हणाली, "वयनी, तांदूळ पाखडतास काय गो?" शेवटी नातीच्या जुन्या वहीचा पुठ्ठा बरा वाटला, पण कमळाची पाकळी काढावी आणि नेमक्या टोकाला बाण भलतीकडेच जावा. नात म्हणायची, "आजी, तुझं कमळ जरा चिडलेलं दिसतंय."

जावेकडे मात्र स्वतःची फळी होती. टॉवेलात गुंडाळून आणायची, काम झालं की तशीच गुंडाळून न्यायची. मागितली असती तर दिली असती, पण मागायची कुणी? सहाव्या शनिवारी ती बंदरावर मासळीला गेली आणि मी तिच्या खोलीत शिरले. टॉवेल सोडला आणि तिथेच खाटेवर बसले.

फळीवर ताणून ठोकली होती ती सासूबाईंची वाकळ. जुन्या लुगड्यांची, त्यांच्या हातच्या बारीक टाक्यांची. सासूबाई गेल्या तेव्हा पाटल्या मला मिळाल्या आणि वाकळ हिला. सोनं मिळालेली बाई चिंधीसाठी वर्षानुवर्षं जळते, हे कुणाला सांगून पटणार? पण मी जळले होते. शेवटच्या आजारपणात सासूबाई रात्रंदिवस हिलाच हाक मारायच्या, मला नाही. ती हाक त्या वाकळीत शिवलेली आहे असं मला वाटायचं. आणि हिने तिचा कोपरा कापून त्यावर उंदीर फिरवावा.

मी फळी उचलली आणि माझ्या कपाटात, पाटल्यांच्या डब्याशेजारी ठेवून दिली.

रविवारी जाऊ इकडेतिकडे शोधत आली. "वयनी, माजी फळी बघलास काय?"

"माका काय ठावक."

माझ्या कपाळावर सगळं लिहिलेलं असणार, कारण तिने शोधणं तिथेच सोडलं. सकाळचा पेपर चौघडी करून टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर काढली रांगोळी. रेघ इकडची तिकडे झाली नाही. नात तिकडे टाळ्या पिटत होती.

सोमवारी दुपारी, जाऊ झोपली असेल असं धरून, मी ती फळी काढून पडवीत बसले. कमळ काढायला घेतलं. वाकळ मऊ, घट्ट, माऊस लोण्यासारखा फिरेल अशी, आणि बाण पुन्हा पाकळीच्या टोकाला उडाला. दुसऱ्यांदा उडाला. मागून आवाज आला.

"हात टेकवा ओ वयनी. रांगोळीची चिमूट धरल्यासारखो तो अधांतरी धरतास, मगे बाण उडतलो नाय तर काय करतलो?"

खरंच की. वळण आलं की मी माऊस तीन बोटांत धरून वर उचलत होते. जमिनीला हात लागला तर रांगोळी पुसते, ही माझी जन्माची सवय. सहा रविवार मी तिच्या हाताखाली काय आहे ते बघत होते, हात बघितलाच नव्हता.

"सारवतास तसो तळवो ठेवा," ती म्हणाली. आणि वर, "तुमी कधी सारवलास म्हणा."

माझा हात आपल्या हाताखाली धरून तिने एक पाकळी फिरवून दाखवली आणि चहा ठेवायला गेली. तिचा तळवा खरखरीत होता. मी आठवडाभर एकटी बसून सारवल्यासारखा हात फिरवत राहिले.

पुढच्या रविवारी माझं कमळ असं उमललं की नात पडद्यावर पुढे वाकून बघू लागली. रांगोळी काढताना तिला तिकडे रेघाच दिसतात, हात कुणाचा ते नाही. "ही ठेवणार मी," ती म्हणाली. "धाकटी आजी, काय सुंदर काढलंस गं."

मी तोंड उघडण्याआधीच जाऊ म्हणाली, "माजी नाय गो बाय ती. तुज्या आजयेची आसा."

"खरंच? आणि तू लगेच सांगितलंस पण. किती गोड आहेस गं तू."

म्हणजे रांगोळी माझी, पडदा माझा, आणि गोड पुन्हा तीच. आठवडाभर माझं कमळ पुण्यात झळकलं आणि आठवडाभर मला ते 'गोड' टोचत राहिलं.

फळी अजून माझ्याच कपाटात आहे. तिने मागितली नाही, मी दिली नाही. रविवारी मी ती टॉवेलात गुंडाळून पडवीत आणते आणि दोघी तीच वापरतो. काम झालं की पुन्हा गुंडाळून आत नेते.