माईसाठी लँडलाईन परत केली

मंडळी, कशी आहात? शहापूरची सुमन, गुडघा आता जिना चढू देतो का गं? भातसानगरचे वामनभाऊ, खोकला गेला की अजून घर हलवतोय? आणि नीता, बाळंतीण लेक बरी ना? बाळ झोपू देतं का कुणाला?

मी ठणठणीत आहे... फक्त घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. काल मुरबाडला जाऊन आमची लँडलाईन परत करून आले, म्हणून!

झालं असं... धसईत आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही. त्यामुळे वैशाखऱ्याला असलेल्या माझ्या थोरल्या बहिणीची, माईची खबर लँडलाईनवरूनच. पण माईला काही वर्षांपासून अजिबात ऐकू येत नाही. फोन तिची सून घ्यायची. "मावशी, आई बऱ्या आहेत." सून वाईट नाही हो, कामाच्या रगाड्यात असते... पण रोज तेवढंच.

गेल्या महिन्यात ब्रॉडबँड बसवलं आणि पहिला व्हिडिओ कॉल माईला, तिच्या घरच्या मोबाइलवर; तिकडे रेंज आहे. ती ओठांवरून सगळं ओळखते. विचारलं, बरी आहेस ना?

"बरी कसली गो! पाय बघ, भोपळा झालाय. तुला कुनी सांगितला नाय?"

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं. आता सूज उतरतेय.

मग मीच ठरवलं, फोन काढायचा, नुसतं ब्रॉडबँड ठेवायचं. धाकटे दीर तावातावानं आले. "वहिनी, लग्नपत्रिकांवर छापलेला नंबर हाय तो! घराची शान! राहू दे की कोपऱ्यात."

म्हटलं, भाऊजी, शान हवी तर डबडं तुमच्याकडे न्या, वर रुमाल घाला. ते इथे चालू राहिलं, की तुम्ही सगळे पुन्हा "बऱ्या आहेत" ऐकून मोकळे होणार.

ऑफिसात फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. तिथल्या बाई म्हणाल्या, "आजी, 'वापर नाही' लिहा. सगळे तेच लिहितात."

नाही लिहिलं. वापर तर रोज होता... मी लिहिलं, "माझ्या बहिणीला ऐकू येत नाही आणि तिला स्वतःचं स्वतः बोलायचं आहे." रकान्यात मावेना, तर समासात लिहिलं.

रुसणाऱ्यांनी खुशाल रुसावं. रुसवा काय, दोन दिवसांत शिळा होतो.

तुम्ही मात्र आपापली खुशाली इथेच, या पोस्टखाली लिहा, लवकर लिहा... माई सगळं वाचते. आणि उत्तर तिचं तीच देणार आहे.