तीन नंबरचा लाल दिवा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. दुकानाच्या कोपऱ्यात जुन्या वायरी साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला गेलं की चार बाहेर येतात! शिरूरला आमच्या दत्तामामांचं व्हिडिओचं दुकान आहे. मामांनी उभं आयुष्य लग्नं शूट केली. आता लोकांच्या जुन्या लग्नाच्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. मी शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, पण सुट्टीच्या दिवशी मुक्काम मामांच्या दुकानात. दुकानातल्या तिसऱ्या शोभाताई. मशिनी त्या चालवतात, आणि आम्हा दोघांनाही त्याच चालवतात. तर विषय निघालाच आहे, पॅनेलचं सांगतो. लोक ऐकून हसतात. मी मात्र अजून हसत नाही.

*

पुण्याच्या जुन्या बाजारातून मामा एक रिमोट कंट्रोल पॅनेल घेऊन आले. कुठलासा स्टुडिओ बंद पडला, त्यातलं. चार व्हीटीआर, म्हणजे कॅसेट लावायच्या मशिनी, एका जागेवरून चालवायच्या. प्रत्येक मशिनला बटणांची एक रांग : चालू, बंद, पुढं, मागं आणि रेकॉर्ड. मशिनी आतल्या खोलीत धुळीपासून लांब आणि पॅनेल बाहेर काउंटरवर, असा मामांचा थाट!

"तू कंपनीत एवढी पॅनेलं जोडतोस. हे तर खेळणं हाय," मामा म्हणाले.

तीन रविवार गेले. भिंतीला भोक पाडलं, केबल ओढली, नंबर घातले. शोभाताईंनी एक नंबरचं बटण दाबलं आणि आत चार नंबर सुरू झाला. दोन बंद केला तर तीन थांबला. तासभर एकेक जोड तपासला, सगळं बरोबर! शेवटी शोभाताई आत जाऊन आल्या.

"दादा, नंबर तुम्ही मशिनीच्या मागं हुबं राहून घातलेत का?"

घातले होते की! मागून डावं ते पुढून उजवं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मामांनी एकदा पॅनेलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

मग म्हणाले, "पगार तरी म्होरनं मोजून घेतोस का रं?"

*

वढू बुद्रुकचे एक आबा मुलाच्या लग्नाची कॅसेट घेऊन आले. पॅनेल बाहेर आणि मशिन आत, हे त्यांना अजिबात पटेना.

"माझी वस्तू नजरंआड करायची न्हाई," आबा म्हणाले.

मामांनी नमतं घेतलं आणि आतल्या खोलीत मशिनीसमोर खुर्ची टाकून दिली. आबा काठी धरून पहाऱ्याला बसले. दोन तास जागचे हलले नाहीत. काम झालं तसं बाहेरून शोभाताईंनी बंदचं बटण दोनदा दाबलं; तसं केलं की कॅसेट बाहेर येते. आत धाडकन खुर्ची पडली! आम्ही धावलो, म्हातारं पडलं की काय! आबा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात वर करून उभे. कॅसेट मशिनीच्या तोंडातून अर्धी बाहेर.

"म्या हात लावल्याला न्हाई! तिची ती भाईर आली!"

*

आता सोमनाथचं. हा खुटबावचा, माझ्याच कंपनीत माझ्याच शिफ्टला. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेलं घर, आता थोडी शेती. हा पोटात असतानाच बाप गेला. घरात बापाचा एकही फोटो नाही. मेंढरामागं रानोमाळ फिरणाऱ्याचा फोटो काढणार कोण?

पण शेजारच्या एका लग्नाची कॅसेट निघाली. त्यात सोमनाथचा बाप पंगतीत बुंदी वाढत होता, हे त्याच्या आईला, हौसाबाईंना, पक्कं ठाऊक; त्या दिवशी त्याही तिथे होत्या. ज्यांची कॅसेट त्यांनी बऱ्याच वर्षांमागं एकदा लावली होती. नेमकी पंगत सुरू झाली आणि त्यांचा व्हीसीआर बंद पडला. कॅसेट तिथेच थांबलेली.

"पंधरा-ईस सेकंद असतील," सोमनाथ म्हणाला. "मला निस्तं तोंड बगायचंय. आई म्हन्ती, तुज्यासारखंच व्हतं. पर तिला दुसरं काय म्हनायचं असनार?"

कॅसेट उघडली तर टेपवर पांढरी बुरशी. मामांनी टेप पुसली, उजेडात धरून पाहिली आणि मान हलवली. एकदाच चालेल म्हणाले. दुसऱ्यांदा तुटेल. म्हणून ठरलं : हौसाबाईंना बोलवायचं, त्यांच्यासमोरच लावायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. कॅसेट मी तीन नंबरमध्ये घालून ठेवली.

*

आणि मध्ये आली खंडेनवमी.

आमच्या दुकानात पूजा साग्रसंगीत असते. कॅमेऱ्याला हार, स्टँडला हार, स्क्रू ड्रायव्हरलासुद्धा झेंडूचं फूल! पॅनेलचं हे पहिलंच वर्ष. "दिवे लागलेले बरे दिसतात," असं म्हणून वीज मीच चालू ठेवली. हे मी आजही कबूल करतो. मामांनी कुंकू ओलं केलं आणि भक्तिभावाने प्रत्येक बटणाला बोट लावत गेले. नुसतं टेकवून कुंकू नीट उठेना, म्हणून दाबून.

आरती रंगात आली. टाळ्या चालू असताना शोभाताईंची टाळी एकदम थांबली.

"मामा, तीनचा लाल दिवा लागलाय."

लाल दिवा म्हणजे रेकॉर्ड! जुनं पुसून नवं लिहायचं. कॅसेटवर तसं होऊ नये म्हणून मागे प्लॅस्टिकची एक खिट्टी असते, ती मोडून टाकली की झालं. कॅसेटवाल्यांनी मोडली होती, पण पुढे मालिका भरून घेता याव्यात म्हणून वर चिकटपट्टी लावलेली! आणि मी ती पाहिलीही नव्हती. शोभाताईंनी झेप घेऊन मशिन थांबवलं. मशिनीवरचा सेकंदांचा आकडा पाहिला. बारा सेकंद पुसले गेले होते.

आरती तिथेच राहिली. मामांनी कुंकवाची वाटी खाली ठेवली.

"बुरशीनं गेलं म्हनून सांगू," ते हळूच म्हणाले.

मी ओरडलो त्यांच्यावर! मामांवर आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. चूक माझीही होती, म्हणून जास्तच ओरडलो. शोभाताईंनी शांतपणे पॅनेलवरचं कुंकू पुसून काढलं आणि मुख्य बटण बंद केलं.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर कँटीनमध्ये सोमनाथला सगळं सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला.

"तोंड गेलं?"

"माहीत नाही. लावल्याशिवाय कळणार नाही, आणि लावता एकदाच येईल."

त्याने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "आईला आदी सांगू नगा. तिनं नवं लुगडं काडून ठिवलंय."

*

रविवारी सकाळी मायलेक आले. हौसाबाई म्हणजे सहा फुटी पोराच्या खांद्याखाली मावणारी बाई. मामांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. नजर वर करेनात. मी कॉम्प्युटरपाशी. शोभाताईंनी टेप हलकेच बारा सेकंद मागे घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर नुसत्या मुंग्या. आमचे बारा सेकंद.

मी मनात मोजत होतो. हौसाबाई त्या मुंग्यांकडेही डोळे लावून बसल्या होत्या. सातपर्यंत आलो आणि मला पुढे मोजवेना.

मग चित्र उघडलं. मांडव, पंगत, केळीची पानं. आणि बुंदीची बादली घेऊन एक बारकासा माणूस, पाठमोरा. पान वाढून झालेलं, पुढे चाललेला. अंगात बंडी, डोक्याला लाल पटका. दिसत होती ती नुसती पाठ.

तोंड आमच्या कुंकवाखाली गेलं होतं. मामांनी डोळ्यांवर हात घेतला.

"ह्येच का, आई?" सोमनाथने विचारलं.

हौसाबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. तो माणूस पंगतीच्या टोकाला गेला, मांडवाच्या खांबाशी पोचला. दोन पावलांत तो चित्राबाहेर जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. चित्राच्या वरच्या बाजूला फाटल्यासारखी रेघ आली, गेली.

हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, खुर्चीतून पुढे वाकल्या आणि शेतात हाक मारावी तशी खणखणीत हाक मारली,

"अवं!"

आणि पडद्यावरचा तो माणूस थांबला, बादली या हातातून त्या हातात घेतली आणि मागे वळून त्याने थेट आमच्याकडे पाहिलं.